घरात कोणी वकील नाही. नुकती सनद मिळालेल्या ज्युनियरने जिल्हा न्यायालयात ओळखी कशा वाढवाव्यात?

बार रूमच्या आधी कोर्ट हॉलमध्ये बसायला लागा. सिनियरचं प्रकरण आटोपलं तरी लगेच उठू नका, बोर्डावरची, म्हणजे त्या दिवशीच्या यादीतली, बाकीची प्रकरणं ऐका. उलटतपास कोण कसा घेतं ते कळतं, आणि रोज दिसणारा चेहरा लोक ओळखू लागतात. मग एखादे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले की तुम्हालाच सांगतात, "जरा मुदतीचा अर्ज देता का?" तो नीट द्या, काय आदेश झाला आणि पुढची तारीख कोणती, हे लगेच कळवा. माझ्या मते कामाची ओळख अशीच होते, नुसत्या चहाने नाही.

शिरस्तेदार (कोर्टाच्या कार्यालयाचं काम पाहणारे), नक्कल विभागातले कर्मचारी, समन्स बजावणारे बेलिफ आणि सिनियरचे क्लार्क यांच्याशी मनापासून आदराने वागा. दाव्यात त्रुटी निघाली तर ती कशी दूर करायची, हे त्यांना पाठ असतं.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर यायला साधारणपणे ३ वर्षांची वकिली लागते. पण लोकअदालतीला आतापासून जात राहा. तिथे बँका, विमा कंपन्यांचे वकील एकाच दिवशी भेटतात.

एक मात्र सांभाळा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार जाहिरात करून किंवा दलालामार्फत पक्षकार मिळवायला मनाई आहे. पोलीस ठाण्याबाहेर "केस आणून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट नाही म्हणा.