मानेची करकर आणि पोटरीचे दुखणे

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६८) प्रोस्टेटचा कर्करोग असून रोबोटिक शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे. अशाच शस्त्रक्रियेनंतर आमच्या एका नातेवाइकांचा चेहरा सुजला होता आणि मानेची कातडी दाबली की करकर लागत असे. हे रोबोटमुळे होते का? वडिलांना काचबिंदूही आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : ती करकर यंत्राच्या हातांमुळे नव्हे, तर वायूमुळे होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेप्रमाणे येथेही पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केली जाते. तो क्वचित छिद्रांच्या कडेने कातडीखाली शिरून मानेपर्यंत चढतो. पाहून घरची माणसे घाबरतात, पण बहुधा एक-दोन दिवसांत हा वायू रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो.

चेहऱ्याची सूज मात्र डोके खाली ठेवल्याने येते, आणि मला अधिक काळजी वाटते ती या स्थितीचीच. प्रोस्टेट ओटीपोटात खोलवर असल्याने आतडी छातीकडे सरकावीत म्हणून टेबल डोक्याच्या बाजूने बरेचसे, अनेकदा २५ ते ३० अंश, झुकवतात आणि काही तास तसेच ठेवतात. त्यामुळे डोळ्यांतील दाब वाढतो. दृष्टी कायमची अधू झाल्याच्या घटना अत्यंत विरळ असल्या तरी नोंदलेल्या आहेत. म्हणून काचबिंदूची माहिती सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही आधीच द्या आणि नेत्रतज्ज्ञांकडून दाब तपासून घ्या.

याहून कमी ठाऊक असलेली गुंतागुंत पोटरीची आहे. पाय हृदयापेक्षा उंच राहिल्याने त्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि शस्त्रक्रिया ४ तासांपलीकडे लांबली की धोका वाढतो. पाय खाली आल्यावर रक्त परतते, तेव्हा स्नायू आपल्या घट्ट आवरणातच फुगू लागतात. अशा वेळी टाक्यांपेक्षा पोटरी जास्त दुखते, हाताला कडक लागते आणि पायाची बोटे वर ओढताच रुग्ण कळवळतो. पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. एका जागी पडून अंग आखडले असेल, असे समजून पाय चेपत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सला त्याच क्षणी बोलवा, कारण आवरण उघडून दाब मोकळा करण्यासाठी हाती थोडेच तास असतात.

एवढ्यावरून शस्त्रक्रिया नाकारू नका. यात रक्तस्राव सहसा कमी होतो. वडिलांचे वजन जास्त असेल किंवा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर तसे सांगा, आणि वेळ लांबल्यास मध्ये टेबल सरळ करून पाय खाली घेणार का, हे सर्जनना आवर्जून विचारा.