आयबीडेटा१ ला हात लावू नका, आधी डेटा फोल्डर कॉपी करा

लाईट जाऊन आली आणि झॅम्पमधलं (आपल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवायचं पॅकेज) मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेस, हिरवं होऊन लगेच 'शटडाऊन अनएक्स्पेक्टेडली' म्हणतंय, आत शाळेची वर्षभराची फी आहे, हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. आमच्या पतसंस्थेत ऐन मार्चअखेरीला हेच झालं होतं.

दुसऱ्या प्रोग्रामने पोर्ट अडवलाय का वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही. एका व्हिडिओत बघून मी आयबीडेटा१ ही डेटाबेसची मुख्य फाईल उडवली आणि सर्व्हर खरंच चालू झाला! डावीकडे सगळ्या टेबलांची नावं दिसतायत, आणि खातेदारांचं उघडलं तर 'डझन्ट एक्झिस्ट इन इंजिन', म्हणजे आत टेबलच सापडत नाही. कुठलं टेबल कुठल्या फाईलीत ही इनोडीबीची (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) नोंद आयबीडेटा१ मध्येच असते, ती गेली की आयबीडी फायली (एकेका टेबलाचा डेटा) नुसत्या पडून राहतात.

सॉफ्टवेअरवाल्यांना (नाव घेत नाही) तीन दिवस फोन केले, एएमसी भरलेली होती तरी म्हणे फॉरमॅट मारा, बॅकअप ही तुमची जबाबदारी. काउंटरला माणसं पासबुक घेऊन उभी आणि हे उत्तर. अजून राग जात नाही. शेवटी एकेक टेबल तसंच्या तसं कोरं बनवून, डिस्कार्ड टेबलस्पेस (कोरी फाईल सोडवायची कमांड), जुनी आयबीडी आणून ठेवायची, इम्पोर्ट टेबलस्पेस (ती जोडायची कमांड), असं रात्री दोन-दोनपर्यंत बसून केलं. रो फॉरमॅट (टेबलाच्या ओळी साठवायची पद्धत) जुळला नाही की एरर. दोन टेबलं आलीच नाहीत, ती व्हाउचरं बघून हाताने भरली.

तुमची फाईल अजून शाबूत आहे. सर्व्हर बंद ठेवून अख्खा डेटा फोल्डर दुसऱ्या मशीनवर न्या, तिथे तेच व्हर्जन टाका आणि काय प्रयोग करायचे ते त्या कॉपीवरच. माय डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाईलीत इनोडीबी फोर्स रिकव्हरी (बिघाड असूनही सर्व्हर उठवायची सेटिंग) आधी १, नाही उठला तर २, मग ३. ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, तिथे जपून. उठला की ताबडतोब डम्प (सगळा डेटा एका फाईलीत) घ्या आणि तो नव्या कोऱ्या इन्स्टॉलवर चढवा, त्या अर्धमेल्यावर काम चालू ठेवू नका. डम्प विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये बाणाने (>) घेऊ नका, तो यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये लिहितो, आमच्या मराठी नावांची वाट लागली होती, रिझल्ट फाईलचा ऑप्शन वापरा.

मी काही डीबीए (डेटाबेस सांभाळणारा जाणकार) नाही, तुमचा बिघाड वेगळाही असू शकतो, तेव्हा एरर लॉगच्या शेवटच्या चाळीसेक ओळी टाका, रात्री बसून बघतो. तोवर रीइन्स्टॉल कोणालाही करू देऊ नका.