अर्ज फेटाळला, म्हणून ‘निर्वासित’ पुसला जात नाही

कोपरीच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘असायलम सीकर’ला मराठीत निर्वासित म्हणावं की शरणार्थी? ‘आश्रयार्थी’ म्हणा. आश्रय मागितलाय, निकाल यायचाय, असा माणूस. विस्थापित, शरणागत वगैरे कुठल्याही कोशात मिळतील.

मला खटकतं ते वेगळंच. ‘अर्ज फेटाळला, म्हणजे तो निर्वासित नव्हताच’ हे बातम्यांत आणि लोकलमध्येही सारखं कानावर येतं. अहो, शब्द तरी नीट बघा! ‘वस्’ म्हणजे राहणे. त्याच्या प्रयोजक रूपाला, म्हणजे ‘राहायला लावणे’ला, ‘निर्’ लागला की राहत्या जागेतून बाहेर काढणे. आणि शेवटचा ‘त’ हा क्त प्रत्यय. पाणिनी त्याला ‘निष्ठा’ म्हणतो, निष्ठा म्हणजे पूर्णता! क्रिया होऊन गेली, विषय संपला. कचेरीतल्या शिक्क्याने ती घडत नाही आणि शिक्का नाकारल्याने मागे फिरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या मार्गदर्शिकेतला 28वा परिच्छेद हेच सांगतो: मान्यता मिळाली म्हणून कुणी निर्वासित होत नाही, तो निर्वासित असतो म्हणून मान्यता द्यायची.

काही शुद्धिवादी म्हणतात, आपल्या पायांनी पळाला तो निर्वासित कसला, त्याला कुणी हाकललं कुठे? मग फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पांत आलेल्या सिंधी कुटुंबांना काय म्हणणार? घर सोडा असा कागद प्रत्येकाच्या हातात कुणी दिला होता? भीतीने बाहेर काढलं. निर्वासितांविषयीच्या 1951च्या जिनिव्हा करारातली ‘निर्वासित’ची व्याख्याही साधार भीतीवरच उभी आहे, हकालपट्टीच्या हुकुमावर नव्हे. शुद्धिवाद्यांचं म्हणणं म्हणजे व्याकरण अर्धवट वाचणं झालं.

आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. ‘निर्वासित’मध्ये कर्ता दिसत नाही. कुणी काढलं ते शब्द सांगत नाही. आश्रयाच्या अर्जावर मुलाखत घेणारा अधिकारी मात्र नेमका कर्ताच मागतो: धमकी कुणी दिली, कुठल्या तारखेला, कागद आहे का? जीव घेऊन पळालेल्याकडे कागद कुठला! पहिल्या जबाबात मार्च, दुसऱ्यात एप्रिल आला, दुभाषाने एखादं वाक्य गाळलं, की शेरा पडतो, ‘विश्वासार्ह नाही’. त्याच मार्गदर्शिकेत, अर्जदाराचं कथन एकंदरीत पटण्यासारखं असेल तर संशयाचा फायदा त्याला द्या असंही म्हटलंय, तेवढं सोयीस्करपणे वगळतात.

फेटाळलेले सगळेच निर्वासित असतात असं मी म्हणत नाही. पण बातमीत ‘आश्रय नाकारला’ एवढंच लिहा. सरकारने केलं ते तेवढंच.