विनियर कापताना कड फाटते

प्रश्न: ०.५ मिमीचं विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) कटरने कापतोय, पण ग्रेनला (लाकडाच्या तंतूंच्या दिशेला) आडवं कापलं की शेवटी कड फाटतेच. काय करू?

उत्तर: एका दमात कापू नका हो, बहुतेक सगळे तिथेच चुकतात. खाली सपाट एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) ठेवा, वर स्टीलची पट्टी घट्ट दाबा आणि नव्या ब्लेडने पहिला हात अगदी हलका, नुसता ओरखडा उठेल इतकाच, मग त्याच खाचेतून तीन-चार वेळा. आडव्या कापात ब्लेड कडेबाहेर ओढत नेलं की शेवटचे तंतू कापले न जाता ढलपी होऊन निघतात, म्हणून थोडं आधी थांबायचं आणि उरलेलं समोरच्या कडेकडून आत कापायचं. ग्रेनसोबत कापताना मात्र ब्लेड तंतूंमागे भरकटतं, तेव्हा पट्टी हव्या असलेल्या भागावरच ठेवा, चुकलं तरी टाकाऊ बाजूलाच जाईल.