नवरा-बायकोचा बीएमआय सारखाच, मग बायकोचं लेप्टिन तिप्पट कसं?

दोघांचा बीएमआय २४, तरी वहिनींचं लेप्टिन (भुकेला आवर घालणारं हार्मोन) तुमच्या तिप्पट आलं, म्हणजे त्यांच्यात काही बिघाड आहे का, असं विचारलंय तुम्ही. मी नाशिकला लॅबमध्ये आहे, हा प्रश्न काउंटरवरही येतो. आधी रिपोर्टच्या उजव्या बाजूचा बारीक टाइप वाचा. स्त्री आणि पुरुषांची नॉर्मल रेंज तिथे वेगळी दिलेली असते. तुम्ही त्यांचा आकडा तुमच्या रेंजला लावून बसलात.

लेप्टिन मुख्यतः चरबीच्या पेशी बनवतात. चरबी जास्त, तितकं लेप्टिन जास्त. बीएमआयला चरबी दिसतच नाही, त्याला फक्त वजन-उंची कळते. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला होता: दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१. जास्त कोणाची, हे आपल्या पोटांकडे बघून ओळखाच. हे तर दोन पुरुष. बाईच्या अंगात त्याच बीएमआयला पुरुषापेक्षा जास्त चरबी असतेच.

गंमत म्हणजे चरबीचे किलो सारखे धरले तरी बाईचं लेप्टिन वरच राहतं. मांड्या-कमरेवरची, कातडीखालची चरबी ते जास्त सोडते. पोटात आतड्यांभोवती साठलेली कमी. शिवाय पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन ते दाबून ठेवतं. म्हणजे तुमचा कमी आकडा ही काही शाबासकी नव्हे. सुटलेलं पोट त्यात पुरतं उतरत नाही.

रक्त कधी दिलंत, तेही बघा. लेप्टिन रात्री चढतं. दोन-तीन दिवस खरंच उपाशी राहिलात तर चरबी फारशी न उतरताही ते झपाट्याने पडतं. नवरात्रात कडक उपास धरणाऱ्यांना मी टेस्ट पुढे ढकलायला सांगतो. (साबुदाण्याची खिचडी आणि वर शेंगदाण्याचे लाडू, त्यांनी बिनधास्त यावं.)

वहिनींचा आकडा त्यांच्या रेंजमध्ये असेल तर तो कागद फाइलला लावून टाका. आणि शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून श्वास सोडल्यावर स्वतःचं पोट मोजा. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८० ही हद्द धरतात. माझं ९४ भरलं. रविवारची मिसळ सुटलेली नाही, पण जादा पाव बंद केलाय.