ताट वेगळं, रेझर एकच

"मॅडम, घरात कुणाला लागेल का?" हेपॅटायटिस बीचा रिपोर्ट हातात पडला की जो तो मला आधी हेच विचारतो. स्वतःच्या लिव्हरचं नंतर.

भोसरीत लेथवर काम करणारे एक दादा आठवतात. गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं आणि रक्तपेढीतून बोलावणं आलं. मी जोडीनेच बोलावते, कारण या आजाराची भीती अख्ख्या घराला धरते. दोन खेपा दादा खाली मान घालून बसले. तिसऱ्यांदा मी विचारलं, "घरात काय काय बदललंत?"

"ताट, तांब्या, अंथरूण," ताई म्हणाल्या. "सासूबाईंना कावीळ झाली तेव्हाही असंच केलं होतं."

"आणि काय तसंच राहिलं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग दादा हळूच म्हणाले, "दाढीचं रेझर. मी अन् पोरगा एकच वापरतो."

ताईंचा हात तोंडावर गेला. मी मुद्दाम गप्प राहिले. ते वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर नुसती सूचना ठरली असती. त्यांना ते स्वतःला सापडलं. काळजीत हे घर कुठेच कमी नव्हतं, ती भलत्याच वस्तूवर खर्च होत होती. आपण सगळ्यालाच कावीळ म्हणतो, गोंधळ तिथला आहे. हेपॅटायटिसचे ए आणि ई हे प्रकार दूषित पाण्या-अन्नातून येतात. बी मात्र रक्तातून, शरीरसंबंधातून, जन्मावेळी आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने बी होत नाही. पण रेझर, नेलकटर, टूथब्रशवर डोळ्याला न दिसणारं रक्त राहू शकतं, आणि हा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकतो.

भीतीला नेमकं काम द्यावं, या मताची मी आहे. ताईंची आणि मुलाची तपासणी, निगेटिव्ह आली तर आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्याला लस. ताईंची लस पूर्ण होईपर्यंत निरोध. दादांनी पोटविकारतज्ज्ञांकडे नियमित जायचं. दारू आणि झाडपाल्याची औषधं बंद. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि उपचार मोफत आहेत, हे मी प्रत्येकाला सांगते. घरात कुणी गरोदर असेल तर तिची तपासणी आधी: आईला बी असला तरी बाळाला 24 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मिळालं की ते बहुतेक वेळा संसर्गातून वाचतं, आणि तिने अंगावरही पाजावं.

दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. तिसऱ्या डोसनंतर ताई भेटल्या तेव्हा मी ताटाचं विचारलं.

"कुठलं वेगळं काढलं होतं तेच आता आठवत नाही," म्हणाल्या.