खेळ सुटला, आता कोच होता येईल का?

प्रश्न : सर, मी 23 वर्षांचा आहे. विद्यापीठाच्या टीममध्ये पॉइंट गार्ड होतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला. मला बास्केटबॉलचा कोच व्हायचंय. घरचे म्हणतात, जो नॅशनल खेळला नाही त्याला कोच म्हणून कोण ठेवणार? बाबा बँकेच्या परीक्षा दे म्हणतात. काय करू?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : बाळा, तुला अरे-तुरेच करतो, माझे विद्यार्थी तुझ्याच वयाचे असायचे. घरच्यांना ग्रीसचे बास्केटबॉल कोच योर्गोस बार्त्झोकास यांच्याबद्दल सांग. जन्म 1965 चा. खेळले अथेन्सजवळच्या मारूसी क्लबकडून, पण दुखापतीने खेळ सुटला. पुढे त्याच मारूसीत पानायोटिस यानाकिस यांचे असिस्टंट झाले. यानाकिस म्हणजे 1987 मध्ये खेळाडू म्हणून आणि 2005 मध्ये कोच म्हणून ग्रीसला युरोपचं विजेतेपद मिळवून देणारा माणूस! अशा माणसाच्या शेजारी बसून रोज बघायला मिळणं, यापेक्षा मोठी शाळा कुठली? बार्त्झोकास लारिसा शहरातल्या लहान क्लबचे मुख्य कोच झाले ते 2006 मध्ये, वयाच्या 41 व्या वर्षी. मग मारूसी, मग पानिओनिओस, आणि 2012 मध्ये ग्रीसचा मोठा क्लब ऑलिंपियाकोस.

मे 2013, लंडन, युरोलीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल. पहिल्या क्वार्टरअखेर रिआल माद्रिद 27, ऑलिंपियाकोस 10. ऑलिंपियाकोसचा सगळ्यात मोठा खेळाडू स्पानूलिस हाफ टाइमपर्यंत शून्यावर. मॅच संपली तेव्हा ऑलिंपियाकोस 100, रिआल 88, आणि स्पानूलिसचे 22. युरोलीग जिंकणारे बार्त्झोकास हे पहिले ग्रीक मुख्य कोच.

दीड वर्षात, ऑक्टोबर 2014 मध्ये, आपल्याच क्लबच्या प्रेक्षकांच्या रागापुढे त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतरचा रशियातल्या लोकोमोटिव कुबानचा सीझन मला त्या कपाहून मोलाचा वाटतो. 2016 मध्ये त्यांनी युरोलीगच्या पाच सामन्यांच्या मालिकेत बार्सिलोनाला 3-2 ने हरवलं आणि कुबानला पहिल्यांदाच फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत नेलं. मग त्याच बार्सिलोनाने त्यांना कोच म्हणून घेतलं आणि एका सीझननंतर मोकळं केलं! रशियातला खिमकी क्लब झाला, जानेवारी 2020 मध्ये पुन्हा ऑलिंपियाकोस. 2023 ची युरोलीग फायनल रिआलकडून 78-79 अशी गेली, एका गुणाने.

हे बाबांपासून लपवू नकोस. नोकरी जाते, या पेशात ती सगळ्यांचीच जाते. म्हणून त्यांची काळजी रास्त आहे, आणि हातात पदवी हवीच. लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था 1957 पासून आपल्याच गावात आहे. तिथे प्रवेशाची चौकशी कर. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंग डिप्लोमा आहे. शाळा-कॉलेजच्या नोकरीत या कागदांना किंमत असते.

पण त्याआधी घराजवळच्या एखाद्या शाळेत जा आणि चौदा वर्षांखालच्या मुलींची टीम मागून घे. लहान मुलींना कोण शिकवणार म्हणून ती बहुधा कोचविनाच असते. सुरुवात ले-अपने (धावत जाऊन बास्केटजवळून बॉल टाकणं) नको, पायांनी कर: थांबणं, वळणं, डिफेन्सची बैठक. तू पॉइंट गार्ड होतास, सगळं कोर्ट तुला दिसायचं. ते त्यांना दाखव. टाइमआउटमध्ये एकच गोष्ट सांगायची, दोन नाही. आणि 2013 च्या त्या फायनलचा दुसरा हाफ वही घेऊन बघ. बॉल सोडून डिफेन्सवर नजर ठेव, आणि काय दिसलं ते मला लिहून पाठव.